स्वतः, मदतीने, दुसऱ्याकडून

आमच्या केंद्रातून माणूस घरी निघाला की त्याच्याबरोबर एक दोन पानी फॉर्म जायचा. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, गोळ्या. दुसऱ्या पानावर त्या माणसाला काय काय जमतं त्याची यादी: चालणं, जिना, आंघोळ, कपडे, जेवण. आणि अगदी तळाशी, जिथं कुणाची नजर सहसा पोचत नाही तिथं, 'तोंडाची स्वच्छता'. त्यापुढे तीन चौकोन. स्वतः. मदतीने. दुसऱ्याकडून. एका चौकोनात खूण करायची आणि खाली सही करायची. या कामाला चार सेकंद पुरावेत असा माझा अंदाज होता. गिरिजाक्कांना पंचवीस मिनिटं लागत.

केंद्र राजाजीनगरात होतं. हॉस्पिटलने सोडलं आहे पण घरी जाण्याइतकं अजून सावरलेलं नाही, अशी वयस्कर माणसं आमच्याकडे महिना-दोन महिने राहत. खाटा चाळीस. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याहून बंगळूरला आले आणि या केंद्रात डिस्चार्जच्या टेबलावर बसले. सगळ्या सह्या गोळा करायच्या, गाडी आली का बघायचं आणि माणसाला हसतमुखाने निरोप द्यायचा, एवढं माझं काम. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की सगळ्या सह्या अकरापर्यंत होतात आणि एक होत नाही.

ती सही मागायला मी दुसऱ्या मजल्यावर गेले. बुटक्या, सडसडीत बाई, सुती साडीवर पांढरा कोट, गळ्यात दोरीला बांधलेला छोटा टॉर्च. मी हिंदीतून सुरुवात केली. त्यांनी कोटावरचं माझं नाव वाचलं आणि मराठीतून म्हणाल्या, "पुण्याच्या काय तुम्ही? बोला की मराठी. मात्र स्वल्प हळू. तुमची मराठी पेपरात छापल्यासारखी असते."

त्यांचे लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे इकडे आलेले. कुणाबरोबर आले आणि कशासाठी, हे त्यांच्या घरात प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो, असं त्या म्हणाल्या. मग टॉर्च पेटवून विचारलं, "वरची उजवी दाढ कधीपासून दुखते?"

दाढ दुखत नव्हती. तसं मी सांगितलं. त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि कामाला लागल्या. चार महिन्यांनी मी त्या दाढेचं रूट कॅनल करून घेतलं. अक्कांना बोलले नाही. पण तोवर मी डाव्या बाजूने चावते हे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिलेलं होतं.

बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडात बघत. नव्या माणसाला वाटायचं, बाई आपलं म्हणणं किती मन लावून ऐकताहेत. त्या दाढा बघत असत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "दोनशे चारमधले, खालचे पुढचे दोन हलतात ते," असं त्या सांगत आणि मी यादीत नाव शोधत बसे. वीस वर्षं त्यांनी दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती.

पंचवीस मिनिटं कशाला लागतात, ते मी एकदा उभं राहून पाहिलं. माणसाला वॉशबेसिनपाशी न्यायचं. ब्रश, टोपण लावलेली पेस्ट आणि पाण्याचा पेला समोर ठेवायचा. मग अक्का हात मागे बांधून बाजूला उभ्या राहत आणि म्हणत, "घासा." बस, एवढंच. टोपण उघडतं का, पेस्ट ब्रशवर पडते की बेसिनमध्ये, हात मागच्या दाढांपर्यंत जातो का, चूळ भरता येते का, थुंकता येतं का. कवळी असली तर ती काढता येते का, आणि काढून कुठं ठेवली हे पाच मिनिटांनी आठवतं का. शेवटी टॉर्च. समोरचा "मला येतं हो सगळं" असं बोलू लागला की त्या म्हणायच्या, "सांगू नका. करा."

ज्यांची बोटं आवळत नसत त्यांच्यासाठी त्यांच्याकडे वेगळे ब्रश होते. चिकपेटातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून त्या सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी डझनाने आणत आणि ब्रशच्या दांड्यावर चढवत. जाड वस्तू धरायला सोपी जाते. बाईंचं सायकलचं दुकान आहे अशी दुकानदाराची समजूत होती आणि धंदा कसा चाललाय असं तो आपुलकीने विचारायचा. "बरा आहे," अक्का सांगत.

एक निवृत्त मुख्याध्यापक पक्षाघातातून बरे होऊन निघाले होते. दोन मुलगे, दोन सुना, गेटबाहेर गाडी, गाडीत हार. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने पेस्ट लावली, सफाईने दात घासले, चूळ भरली आणि वर्गाकडे बघावं तसं आमच्याकडे पाहिलं. थोरल्या मुलाने टाळी वाजवली. मी पेन पुढे केलं.

अक्का म्हणाल्या, "स्वल्प तोंड उघडा."

टॉर्चच्या उजेडात त्यांनी डाव्या गालाच्या आतून बोट फिरवलं आणि ते टिपकागदावर पुसलं. कागदावर इडली होती. सकाळची. तिच्याखाली आदल्या दुपारची मेथी होती.

पक्षाघातानंतर त्यांना डावी बाजू जाणवतच नव्हती. ताटातलं डावीकडचं ते जेवत नसत आणि तोंडातलं डावीकडचं घासत नसत. उजवी बाजू मात्र लखलखीत होती. अक्कांनी 'स्वतः'वर खूण केली, पुढे लिहिलं 'निम्मं', मग 'मदतीने'वर खूण केली आणि पुन्हा लिहिलं 'निम्मं'.

"असं चालतं का फॉर्मवर?" थोरल्याने विचारलं.

"तोंड तसंच आहे," अक्का म्हणाल्या. मग धाकट्या मुलाला बेसिनपाशी उभं करून वडिलांच्या डाव्या गालात बोट कसं फिरवायचं ते शिकवलं. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुख्याध्यापक त्याला म्हणाले, "नीट शिक. बाई पुन्हा सांगणार नाहीत."

हार गाडीतच सुकला.

सावित्रम्मांची गोष्ट केंद्रात पुढे बरीच वर्षं सांगितली गेली, पण सांगणारे तिचा शेवट गाळतात, म्हणून इथे पुरती लिहिते. सावित्रम्मा तीन आठवडे जेवत नव्हत्या. नुसतं सार प्यायच्या. मुलगी घरून डबे आणायची, ते भरलेलेच परत जायचे. डॉक्टरांनी 'भूक मंद' असं लिहिलं. नर्सने 'उदास' असं लिहिलं. एके दिवशी सावित्रम्मा म्हणाल्या, "माझ्या तोंडात दुसराच कुणीतरी आहे." हेही फाइलमध्ये जसंच्या तसं नोंदलं गेलं आणि मनोविकारतज्ज्ञांना बोलावणं गेलं. त्यांनी एक गोळी वाढवली.

घरी जायच्या दिवशी अक्कांनी त्यांना बेसिनपाशी नेलं आणि कवळी काढायला सांगितली. हात लागायच्या आत कवळी खाली आली. अक्कांनी ती हातात घेतली, उजेडाला धरली, उलटी करून पाहिली.

"ही यांची नाही," त्या म्हणाल्या.

"मी कधीची तेच सांगतेय," सावित्रम्मा म्हणाल्या.

ती येलहंक्याच्या नंजुंडप्पांची निघाली. ते तीन आठवड्यांपूर्वी घरी गेले होते. त्या सकाळी मजल्यावरच्या सगळ्या कवळ्या एकाच भांड्यात धुवायला गेल्या होत्या आणि परत येताना दोन बदलल्या होत्या. अक्कांनी नंजुंडप्पांची कवळी स्वच्छ करून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि बसने येलहंक्याला गेल्या. तिथं सून म्हणाली, मामंजी घरी आल्यापासून सासूबाईंसारखे दिसायला लागलेत, पण जेवण व्यवस्थित आहे. जेवण म्हणजे दोन्ही वेळ नाचणीचा मुद्दा, उकडीचा मऊ गोळा. मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो. त्यामुळे तीन आठवड्यांत नंजुंडप्पांना दातांची गरजच पडली नव्हती.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय आहे. अक्का म्हणाल्या, "दात." बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

संध्याकाळी सावित्रम्मांनी सगळ्यांसमोर चकली खाल्ली. इथपर्यंत सगळे सांगतात. त्यानंतर अक्कांनी खाली येऊन माझ्याकडे घटनेच्या नोंदीचा कागद मागितला आणि लिहिलं, 'नंजुंडप्पांची तपासणी मी केली. धुऊन परत आलेली कवळी त्यांच्या तोंडात बसवून पाहिली नाही. चूक माझी.' मॅनेजर म्हणाले, अक्का, कवळ्या धुणाऱ्या बाईची चूक आहे, तिचं नाव घाला. अक्का म्हणाल्या, "तिचं काम धुण्याचं होतं. धुतल्या होत्या तिने. स्वच्छ होत्या." आणि सही केली. त्या आठवड्यापासून प्रत्येक कवळीला नाव घातलेली स्वतंत्र डबी आली.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. एका शनिवारी अक्का भाचीच्या लग्नाला हुबळीला गेल्या होत्या. लीलाबाई नावाच्या एक बाई घरी निघाल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं आखडलेली. गाडी हॉर्न वाजवत होती. मी विचारलं, "दात स्वतः घासता ना?" त्या म्हणाल्या, "साठ वर्षं घासतेय गं." मी 'स्वतः'वर खूण केली. चार सेकंद लागले.

महिन्याभराने लीलाबाई परत आल्या, हॉस्पिटलातून, न्यूमोनिया होऊन. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की कारणं बरीच असतात, कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण तोंडात साचलेली घाण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते, हे एक कारण असतं. लीलाबाईंचं तोंड तेव्हा कसं होतं ते मी लिहीत नाही. त्यांना ब्रश मुठीत धरताच येत नव्हता आणि घरच्यांनी फॉर्म वाचला होता.

अक्कांनी जुना फॉर्म काढून माझी सही पाहिली. मला बेसिनपाशी नेलं, माझ्या दोन्ही हातांत लोकरीचे हातमोजे चढवले, वरून दोन-दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधली आणि हात मागे घेऊन उभ्या राहिल्या.

"घासा."

टोपण उघडायलाच मला मिनिटभर लागलं. ते उडून खिडकीखाली गेलं. पेस्ट माझ्या चपलेवर पडली. ब्रश दोनदा हिरडीत घुसला, तिसऱ्यांदा नाकाला लागला. मागच्या दाढांपर्यंत मी पोचलेच नाही. चूळ भरायला पेला धरवेना. अक्का शेवटपर्यंत मध्ये पडल्या नाहीत. मग त्यांनी एक कोरा फॉर्म घेतला, त्यावर माझं नाव लिहिलं, वय चौतीस, आणि 'मदतीने'वर खूण करून सही केली.

"चला आता लीलाबाईंकडे," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन महिने सकाळ-संध्याकाळ लीलाबाईंचं तोंड मी स्वच्छ केलं. अक्का शेजारी उभ्या राहून फक्त कोन सांगायच्या. लीलाबाई हळूहळू सावरल्या, सायकलची मूठ धरायला शिकल्या आणि घरी गेल्या. त्या शनिवारचा विषय अक्कांनी पुन्हा काढला नाही. एकदा ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अक्कांचे थोरले भाऊ आमच्याकडे भरती झाले ते घरात पडून खुब्याचं हाड मोडल्यामुळे. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. वय एकोणऐंशी. त्याआधी सहा वर्षांपासून कंपवात. उभी हयात एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली. पत्नी वारलेली, मूल नाही. अक्कांनी लग्न केलं नव्हतं. राजाजीनगरातच दोन खोल्यांच्या घरात बहीणभाऊ राहत. अण्णांनी आल्या दिवशी आमचा फॉर्म मागवून वाचला आणि कन्नड मजकुरातल्या सहा चुका काढून परत पाठवला. तो सुधारून पुन्हा छापून घ्यावा लागला.

पाच आठवड्यांनी अण्णा काठी घेऊन चालू लागले. घरी जायचा दिवस ठरला. त्याच आठवड्यात व्यायाम घेणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की अण्णा रोज दुपारी, अक्का दुसऱ्या मजल्यावर असताना, ब्रश धरायचा सराव करतात. कुणाला सांगू नकोस अशी ताकीद आहे.

मी त्यांच्या खोलीत गेले. अण्णा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसले होते.

"तिला निवृत्तीला दीड वर्ष आहे," ते म्हणाले. "मी 'दुसऱ्याकडून' निघालो तर ती घरी बसेल. ओळखतो मी तिला. इथं असली तर चाळीस तोंडं नीट राहतात. घरी एकच."

"मग खोटं करणार?"

"खोटं कसलं? अभ्यास करतोय. परीक्षेआधी करतात तो."

मॅनेजरांनी अक्कांना सुचवलं की या वेळची तपासणी दुसऱ्या नर्सला करू द्या. घरच्या माणसाची आपण करू नये. अक्का म्हणाल्या, "ती बघत नाही. नुसतं विचारते." ती नर्स तिथंच उभी होती. तिने मान डोलावली.

बेसिनपाशी आम्ही चौघं होतो: अण्णा, अक्का, मॅनेजर आणि फॉर्म घेऊन मी. अक्का हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "घास, अण्णा."

अण्णांनी टोपण दातांनी उघडलं. पेस्ट ब्रशवर लावली, थोडी बाहेर गेली. ब्रश तोंडात घातला आणि कोपर बेसिनच्या कडेवर घट्ट रोवलं. मग हात स्थिर ठेवून डोकं हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ब्रश जागच्या जागी आणि अण्णा त्याच्याभोवती फिरताहेत. समोरचे दात झाले, डाव्या दाढा झाल्या, उजव्या झाल्या. दोन मिनिटं लागली. मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, जमलं.

"चूळ," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी पेला तोंडाला लावला. गाल फुगले. मग ते थांबले. थुंकायचं त्यांना आठवत होतं, पण ओठ ऐकेनात. आम्ही वाट पाहिली. घशाची हालचाल झाली आणि पाणी खाली गेलं. पाठोपाठ खोकला आला, असा की पेला हातातून सुटला. अक्का दोन पावलांत पोचल्या, त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही.

अण्णांनी दम घेतला. "गिरिजे," ते म्हणाले, "लिही 'स्वतः'."

"कसं लिहू?"

"पेनने."

"पाहिलं ना मी आता, अण्णा."

"मग स्वल्प तिकडे बघायचं होतंस."

अक्कांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला. 'दुसऱ्याकडून'वर खूण केली. त्याखाली आणखी एक ओळ असते, 'घरी कोण करणार'. बहुतेकांच्या फॉर्मवर ती रिकामीच जाते. अक्कांनी तिथं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. अण्णांनी फॉर्म मागून घेतला, वाचला, आणि त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही.

मॅनेजरांनी अक्कांचा राजीनामा घ्यायला आठ दिवस लावले. "घरी बाई ठेवा," ते म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ येईल आणि करून जाईल."

"येईल," अक्का म्हणाल्या. "मी घरी गेले की टॉर्च घेऊन बघीन. चार दिवसांत ती जाईल. मग दुसरी येईल. ती तीन दिवसांत."

मॅनेजरांना हे पटलं, कारण अक्कांच्या हाताखाली केंद्रात हेच होत आलं होतं.

निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि मला प्रत्येकाचं सांगितलं: कुणाची कुठली दाढ, कुणाला थुंकता येत नाही, कोण खोटं बोलतं. मी वही भरून लिहून घेतलं. जाताना मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर म्हणाल्या, "असू दे. खालची डावी बघून घे. यंदा तिचा नंबर आहे."

त्यानंतर बेसिनपाशी मी उभी राहू लागले. मला अठरा मिनिटं लागतात. काहीतरी सुटत असणार.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते एका रविवारी सकाळी. बाजारातून येताना मुद्दाम त्यांच्या गल्लीने आले. घराच्या पुढच्या पडवीत ऊन आलं होतं. अण्णा खुर्चीवर बसले होते, गळ्याभोवती पंचा, मान थोडी पुढे. अक्का मागे उभ्या राहून, डावा हात त्यांच्या हनुवटीखाली घालून दात घासत होत्या. अण्णा फेसातून काहीतरी बोलत होते. तासभर तरी तोच वाद चालू असावा, कारण अक्का ऐकतही नव्हत्या आणि उत्तरही देत होत्या. मी फाटकाशी थांबले. हाक मारणार, एवढ्यात अक्का दचकल्या.

"अण्णा, चावू नकोस," त्या म्हणाल्या. "ते बोट माझं आहे."

अण्णा हसायला लागले. हसताना तोंड पुरतं उघडलं, आणि तेवढ्यात अक्कांनी मागच्या दाढा उरकून घेतल्या.